उघड्या खिडकीची चौदा नंबर

पायसांदू, ६ मार्च १९९४

साथी आबेलार्दो,

आधी खुर्चीवर बसा. तुमच्या बायकोला म्हणावं, ओतिलिया, पाण्याचा ग्लास जवळ ठेव. ठेवला? आता वाचा.

आज रविवारच्या बाजारात एक बाई चादर अंथरून नळाच्या तोट्या आणि गंजक्या बिजागऱ्या विकत होती. नवरा वारला म्हणून घर रिकामं करत होती. चादरीच्या कोपऱ्यात एक सिगारचा डबा होता. त्यात बटणं, शिवणयंत्राच्या सुया आणि त्यांच्या खाली तातू कारखान्याची खेळण्यातली बस, चौदा नंबर. लाल अंग, सायीच्या रंगाचं छप्पर. तुम्ही म्हणाल, चौदा नंबरची बस काय, आपल्या खेळगाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या प्रत्येकाकडे आहे. माझ्याकडेच अकरा आहेत: गुळगुळीत चाकांची, दातेरी चाकांची, पिवळ्या काचेची. मीही तेच म्हणून डबा खाली ठेवणार होते.

पण हिची ड्रायव्हरची खिडकी उघडी आहे.

तुम्हाला तर माहीतच आहे, बाकी सगळ्या चौदा नंबरांत त्या जागी नुसती चौकट उठवलेली असते, आत धातू भरीव. हिच्यात आरपार भोक आहे आणि मागे काच. उगाच फुगवून सांगत नाही, आज दुपारपासून भिंग लावून बसले आहे. रिवेट साबूत, रंग साबूत.

आता एक प्रश्न. तातूच्या कारखान्यात तुम्ही सोळा वर्षं काढलीत. "चौदा नंबरची एकेक गाडी माझ्या हाताखालून गेली आहे," असं तुम्ही दर ऑक्टोबरला मंडळाच्या सभेत छाती ठोकून सांगता. मग ही कुठून गेली हो?

आपल्या यादीत तुमच्या नावावर शोधलेले एकतीस प्रकार, माझ्या नावावर एकतीस. होते, म्हणायचं आता.

निदिया एत्चेवेरी


रोसारियो, १५ मार्च १९९४

निदियाबाई,

पत्र उभ्यानं वाचलं. पाण्याचा ग्लास ओतिलियालाच पाजला.

ऐका. तातूत मी रिवेटच्या यंत्रावर होतो. गाडीच्या पोटातून एक खुंट खाली येतो, तो तळपट्टीच्या भोकातून बाहेर काढायचा, पायानं दाब द्यायचा, खुंटाचं डोकं चपटं होतं आणि गाडी बंद होते. जन्मभराची बंद होते. अशी दिवसाला दोन हजार डोकी मी चपटी केली. गाडी रंगवणाऱ्यानं एकच बाजू पाहिली, चाकं बसवणाऱ्यानं चाकं पाहिली. पण अख्खी गाडी शेवटची कुणी पाहिली असेल तर ती मी! आणि मी सांगतो, उघड्या खिडकीची चौदा नंबर त्या कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही.

मग काय आहे ते? कानस आहे, बाई, कानस! कुणीतरी रिकामटेकड्यानं स्वयंपाकघरात बसून खिडकी कोरली आणि त्या विधवेच्या नवऱ्याच्या गळ्यात मारली. असल्या बनावटगिरीविरुद्ध मी वीस वर्षं या मंडळात घसा फोडतो आहे. कामगाराच्या हातानं जे घडवलं तेवढंच खरं. त्यावर नंतर केलेली कारागिरी म्हणजे त्याच्या घामावर केलेली चोरी. हे मी मालकांच्या तोंडावर बोललो, तुमच्याही तोंडावर बोलेन.

तरी न्याय तो न्याय. आरोपीला न पाहता शिक्षा द्यायची नाही. गाडी बसच्या पार्सलनं पाठवा, मी तपासतो.

ता. क. चिटणिसाला कळवलंत का? नसेल कळवलं तर इतक्यात कळवू नका. उगाच हसं होईल. तुमचं, म्हणतो मी.

आबेलार्दो स्कार्पोनी


पायसांदू, २७ मार्च १९९४

साथी,

हसं झालं तर माझं होईल, तुम्हाला एवढा घाम का फुटावा?

जळता आहात तुम्ही. जळा. मला बरं वाटतंय. तुम्ही सत्त्याऐंशी साली दुधाच्या गाडीचा निळा झाकणवाला प्रकार शोधलात तेव्हा मी आठवडाभर धड जेवले नव्हते. माझा नवरा तेव्हा होता, तो म्हणाला होता, "कुणी मेलं का?" मी म्हटलं, "कुणी मेलं असतं तर परवडलं असतं."

गाडी उद्याच्या बसनं निघते. माझ्या घरापासून नदीवरचा पूल ओलांडून तुमच्या दारापर्यंत ती बटाट्याच्या पिठाच्या डब्यात, कापसात झोपून येईल. फक्त एक अट. खिडकीची आतली कड काचेमागं झाकलेली आहे. कानशीनं कोरली की साच्यातूनच तशी आली, हे ती कडच सांगेल, मलाही कळतं. पण ती पाहायची तर रिवेट उघडावा लागेल, आणि रिवेट उघडलेल्या गाडीला यादीत जागा नाही. नियम तुमचाच आहे. "उघडलेली गाडी ही मेलेली साक्ष आहे!" असं म्हणून तुम्ही टेबलावर मूठ आपटली होती आणि माझ्या ताटलीतली एम्पनादा, ती खिम्याची करंजी, उडून चिटणिसाच्या मांडीवर पडली होती.

तेव्हा भिंग लावा, वास घ्या, शिव्या द्या. रिवेटला हात लावू नका. तुम्ही मंडळाचे तातूचे पंच आहात. तुमच्या सहीवाचून ती यादीत जाणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच तुमच्यावर सोडते.

निदिया


रोसारियो, २४ एप्रिल १९९४

निदियाबाई,

उशीर झाला, क्षमा करा. गाडी आली, चारही बाजूंनी पाहिली. दोन रविवार दिले.

वाईट बातमी आहे. तळाची घाण स्पिरिटनं पुसू लागलो तर मागच्या रिवेटवरून काळं मेण निघून आलं. मेणाखाली शिसं, आणि शिशाखाली फोडलेला खुंट. म्हणजे गाडी फार पूर्वी कुणीतरी उघडली होती, खिडकी कोरली होती आणि शिसं-मेण भरून बंद केली होती. काम सफाईदार होतं. मेणाचा रंग तळपट्टीला असा मिळवला होता की कुणीही फसावं. तुम्ही फसलात यात कमीपणा नाही. हवामान दमट असेल तर मेण आणखीच घट्ट बसतं. शिवाय संध्याकाळच्या उजेडात असं काही दिसतही नाही.

पंच म्हणून मला लिहावं लागतं: अमान्य. हे लिहिताना मला आनंद झालेला नाही. सत्य कुणाचीही भीड ठेवत नाही, मैत्रीचीही नाही.

गाडी सोबत परत पाठवतो आहे. ओतिलियानं त्याच डब्यात पेरूची वडी घातली आहे.

आबेलार्दो


पायसांदू, १५ मे १९९४

आबेलार्दो,

गाडी मिळाली. वडी मिळाली. ओतिलियाला धन्यवाद सांगा.

मी रिवेट पाहिला होता. भिंगाखाली पाहिला होता, दिवसा, खिडकीशी बसून. मला तो गोल, चपटा, साबूत दिसला होता. मी शपथेवर सांगितलं असतं. आता फोडलेला खुंट समोर आहे, तेव्हा मला दिसलं ते खोटं होतं हे उघड आहे.

नोव्हेंबरात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता घारीसारखं दिसेल. मी विश्वास ठेवला. तुम्हाला माहीत आहे, औषधांचं दुकान पुतण्याच्या नावावर केलं तरी रोज सकाळी मी गल्ल्यामागं उभी राहते, कारण गावातल्या तीन डॉक्टरांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. गेल्या सोमवारपासून मी जात नाही. जिला मेण आणि रिवेट यांतला फरक कळत नाही तिनं थेंब किती आणि मिलिग्राम किती हे वाचू नये. पुतण्या म्हणाला, "काकू, एका खेळण्यापायी?" मी म्हटलं, "उद्या एखाद्या बाळापायी म्हणायची वेळ येईल."

माझ्या वह्या पार्सलनं पाठवते आहे, सातही. तुम्हाला यादीसाठी उपयोग होईल. ऑक्टोबरला मी येणार नाही.

बस स्वयंपाकघरात आहे. खिडकी वाऱ्यानं आपटते, तिथं पाचर म्हणून लावली आहे. छान बसते.

निदिया


रोसारियो, १२ जून १९९४

निदियाबाई,

हा काय वेडेपणा? एका रिवेटवरून माणूस आयुष्यभराचं काम टाकून देतो? मी सहाशे लोकांचा मोर्चा पोलिसांच्या घोड्यांसमोर उभा केला आहे, आणि त्यातले निम्मे घाबरून पळाले तेव्हाही मी म्हटलं नाही की माझा आवाज गेला! चूक कुणाची होत नाही? चुकीसमोर गुडघे टेकणं हीच खरी चूक.

वह्या मिळाल्या. वाचतो आहे. जपून ठेवल्या आहेत, हव्या तेव्हा परत पाठवीन. दुकानात जायला लागा. डोळे पुन्हा तपासून घ्या हवं तर. ऑक्टोबरला या. तुमच्याशिवाय माझ्याशी भांडायला त्या मंडळात माणूस नाही.

आबेलार्दो

(याच पाकिटात वाणसामानाच्या पिशवीचा फाडलेला तुकडा, पेन्सिलीनं लिहिलेला:)

निदिया, पत्र टाकायला त्यानं माझ्याकडे दिलं म्हणून हे घालते आहे. तुमचे डोळे ठीक आहेत. दुकानात जा. बाकीचं माझा म्हातारा सांगेल. नाही सांगितलं तर मी सांगीन, आणि मग तो या घरात स्वतःचं जेवण स्वतः रांधील. ओतिलिया.


पायसांदू, २६ जून १९९४

आबेलार्दो,

तुमच्या बायकोची चिठ्ठी मिळाली. ती पाकिटात आहे हे तुम्हाला माहीत नसणार.

मी फार वेळ बसून विचार केला. मग उठून खिडकीची पाचर काढली, वारा आत येऊ दिला आणि त्या खुंटाकडे पुन्हा पाहिलं. चकाकतो आहे. तीस वर्षं मेणाखाली असलेलं जस्त काळवंडतं. हे औषधवालीला कळायला हवं होतं. पण मी रडत होते, तपासत नव्हते.

तेव्हा तुम्ही उघडली. ठीक. मी तुमच्या जागी बसून पाहते. तुम्ही पंच आहात, तुम्हाला सत्य हवं होतं. आतली कड पाहिल्यावाचून निकाल देणं तुमच्या मनाला पटेना. म्हणून तपासासाठी उघडलीत, आणि मग माझी अट मोडली म्हणून लाज वाटून मेणाची गोष्ट रचलीत. असं झालं असेल तर लिहा, "हो, असंच झालं." तीन शब्द पुरेत. मी समजून घेईन. तुमची तत्त्वं मला माहीत आहेत.

आणि आत काय दिसलं तेवढं सांगा.

निदिया


रोसारियो, १७ जुलै १९९४

निदियाबाई,

तुम्ही मला एक दार उघडून दिलंत. फार सोयीचं दार आहे. तत्त्वासाठी उघडली, सत्यासाठी उघडली: या वाक्यावर मी तासभर बोलू शकतो आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतील. दोन आठवडे मी तेच भाषण मनात घोळवत होतो. ओतिलिया म्हणाली, "आरशासमोर म्हणून बघ, तुला तरी खरं वाटतं का."

नाही वाटलं.

तपास नव्हता तो. मत्सर होता. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या पोटात निखारा पडला होता. कारखाना माझा! यंत्र माझं! त्या गाड्यांच्या धुळीनं माझी छाती भरली, माझं अर्धं बोट त्या दाबाखाली गेलं. आणि उघडी खिडकी सापडावी कुणाला? नदीपलीकडच्या एका औषधवालीला, जिनं तातूचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही, ती बटणांच्या डब्यात! रोज उठल्या उठल्या मला तोच विचार. येर्बाच्या चहाचा पहिला घोट कडू, दुसरा कडू, तिसराही कडू. ओतिलिया म्हणायची, "साखर घाल." साखरेनं जाणारा कडूपणा नव्हता तो.

गाडी आली. बाहेरून पाहताच मला कळलं की ती खरी आहे. सोळा वर्षांच्या हाताला कळतं. मला ती खोटी हवी होती. रविवारी ओतिलिया बहिणीकडे रावियोली करायला गेली. मी जेवणाच्या टेबलावर मेणकापड घातलं आणि हातानं फिरवायचा गिरमिट घेतला. तीन फेऱ्यांत डोकं उडालं. आयुष्यात लाखो डोकी चपटी केली, बाई; उडवलेलं हे पहिलं.

काच काढली, कड पाहिली. साच्याची शिवण खिडकीच्या कडेवरून अखंड गेलेली. लाल रंग कडेवरून आत वळून वाहिलेला आणि तिथंच सुकलेला. कानशीचा एक ओरखडा नाही. म्हणजे साच्यातूनच आलेली. खरी! जगातली एकुलती एक, आणि खरी असल्याचा पुरावा मी ज्या क्षणी पाहिला, त्याच क्षणी तो पुरावा मोडूनही टाकला होता. मला वाटलं, आता ती कुणाचीच नाही. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं. निखारा विझल्यासारखं वाटलं. मग मेणाची गोष्ट सुचली, आणि ती मी एका बैठकीत लिहून टाकली.

ओतिलिया लवकर परत आली. मेणकापडावर कीस पडला होता. तिनं तो हातावर गोळा केला, पाहिला आणि विचारलं, "निदियाच्या गाडीला काय केलंस?" मी म्हटलं, "तपासली." ती म्हणाली, "तपासायला दार कशाला लावलं होतंस?"

तरीही मी गप्प बसलो असतो. तुम्ही दुकान सोडलंत हे वाचूनही तुम्हाला पुन्हा एक भाषणच पाठवलं. मला बोलतं केलं ते तुमच्या वह्यांनी. त्यांत माझ्या एकतीस प्रकारांसमोर तुम्ही काय लिहिलं आहे ते आठवतं? निळ्या झाकणाच्या दुधाच्या गाडीसमोर: "ही गाडी दोन वर्षं माझ्या कपाटात होती आणि मला दिसलं नाही. आबेलार्दोला दिसलं. जळले. पण शाबास." जळणं तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही वहीत लिहून मोकळ्या झालात. मी गिरमिट उचलला.

गेल्या आठवड्यात मी वृद्धाश्रमात एजिदिओकडे गेलो. तातूचे साचे तोच करायचा, नव्वदीला टेकला आहे. मी विचारलं, चौदा नंबरला उघडी खिडकी होती का. तो हसला. म्हणाला, "पहिल्या सकाळी होती. खिडकीशेजारचा खांब बारीक, प्रत्येक दुसरी गाडी तडकायची. दहा वाजता मी साचा उतरवला आणि खिडकीचं भोक पाडणारा दात घासून टाकला. तेवढ्या वेळातल्या गाड्या वितळवल्या. एखादी कुणाच्या खिशातून गेली असेल." मी म्हटलं, "मग मला कशी दिसली नाही? मी रिवेटवर होतो!" तो म्हणाला, "तू? तू त्या सकाळी फाटकावर पिंपावर उभा राहून बोंबलत होतास. दहा वाजेपर्यंत! तुझ्या जागी दुसऱ्यालाच बसवावं लागलं."

खरं आहे. मला ते भाषण पाठ आहे. विषय होता, प्रत्येकाचं श्रेय प्रत्येकाला.

ऑक्टोबरच्या सभेत हे पत्र मी उभा राहून वाचणार आहे, एक शब्दही न गाळता. पंचपद सोडतो आहे. माझा नियम मीच बदलायला सांगणार: या एका गाडीची साक्ष उघडणाऱ्यानंच द्यावी. यादीत लिहिलं जाईल: "चौदा नंबर, उघडी खिडकी. शोध: निदिया एत्चेवेरी." आणि त्याच ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात: "मागचा रिवेट आबेलार्दो स्कार्पोनी यानं मत्सरानं फोडला." मत्सर हा शब्द चिटणीस गाळायला बघेल. मी गाळू देणार नाही. या गाडीच्या ओळीत माझं नाव यावं म्हणून मी जळत होतो. आता ते येईल.

तुमचे डोळे घारीचे आहेत. दुकानात जा. क्षमा मागत नाही. ती मागताना मी पुन्हा भाषण करीन.

आबेलार्दो


पायसांदू, २३ ऑक्टोबर १९९४

आबेलार्दो,

चिटणिसाचा फोन आला. म्हणाला, तुम्ही वाचलंत, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मग तुम्ही गप्प बसलात. तो बिचारा घाबरला होता. वीस वर्षांत तुम्ही कधी गप्प बसला नव्हता म्हणे.

तीन महिने मी मुद्दामच लिहिलं नाही. राग होता. अजून आहे. गाडीचा कमी, त्या सहा आठवड्यांचा जास्त, जेव्हा मी सकाळी उठून आधी डावा डोळा झाकायची, मग उजवा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून बघायची. ते तुम्ही कुठल्याही रकान्यात लिहू शकणार नाही. जुलैपासून दुकानात जाते. परवा डॉक्टरांनी दहाच्या जागी शंभर लिहिलं होतं, ते मी पकडलं.

पण तुम्ही सगळं सांगितलंत, तर मीही एक सांगते. ते मार्चमधलं पहिलं पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्ही वेळा साधं होतं: अशी अशी गाडी सापडली, काय वाटतं. ते तुम्हाला पुरेसं झोंबेल असं वाटेना. म्हणून फाडलं. पाण्याचा ग्लास चौथ्या वेळी सुचला. निखारा तुमच्या पोटातला होता, पण फुंकर माझी होती.

बस अजून खिडकीतच आहे. मागचा रिवेट उघडाच ठेवला आहे. तुमचा गिरमिट नको, हातोडी आणि नवा रिवेट घेऊन या. ओतिलियालाही आणा. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी बंद करा. त्या सकाळी तुम्ही जागेवर असतात तर ती तुम्हीच बंद केली असती. यादीतला शेरा मात्र तसाच राहील.

ता. क. त्या सिगारच्या डब्यात बटणांच्या खाली आणखी एक गाडी होती. मार्चमध्ये लिहिलं नाही. ती कुठली आणि तिच्यात काय वेगळं आहे, ते इथं आल्यावरच कळेल. तोवर येर्बात साखर घालून बघा.

निदिया